ओढा की नाला? दगड उलटून बघा!

मित्रांनो, तुमच्या घराजवळून किंवा शाळेच्या मागून पाणी वाहतं का? मग त्याला तुम्ही काय म्हणता, ओढा की नाला? हाच प्रश्न घरातल्या आजी-आजोबांनाही विचारा. पुष्कळ घरांत गंमत होईल. आजोबा म्हणतील ओढा, तुम्ही म्हणाल नाला, आणि दोघंही एकाच पाण्याबद्दल बोलत असाल! (विदर्भातल्या दोस्तांनी रागावू नये. तुमच्याकडे जंगलातल्या नितळ पाण्यालाही नालाच म्हणतात, ठाऊक आहे. कोकणात त्याचा पऱ्या किंवा व्हाळ होतो. पण शहरात मात्र 'नाला' म्हटलं की नाकाला रुमाल लागतो.)

शब्द बदलला की वागणंही बदलतं, बरं का. ओढ्यात कचऱ्याची पिशवी टाकताना माणूस जरा इकडेतिकडे बघतो. नाल्यात बिनधास्त टाकतो. मग एखादा ओढा खरोखरच नाला झाला आहे की आपण उगीचच त्याला तसं म्हणतो आहोत, हे ठरवायचं कसं?

पुण्याचा आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगराकडून तो खाली येतो आणि शहरात मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला हेच पाणी अडवून तलाव बांधले. तिथून जमिनीखालून दगडी नळ काढला, त्याला हवेसाठी जागोजागी उच्छ्वास ठेवले, आणि ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत आणलं. म्हणजे पुणेकर हे पाणी पीत होते! आज त्याच ओढ्याच्या काठाने शहरातून चालत जा. प्यायचं सोडा, पाय बुडवायचीही इच्छा होणार नाही. काठावर घरं दाटली, पात्र अरुंद झालं, सांडपाणी मिसळत गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि याच ओढ्याला एवढा पूर आला, की भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसंही दगावली. त्या रात्री पुष्कळांना पहिल्यांदाच आठवलं, की अरे, हा ओढा आहे!

पण आपल्याला पूर यायची वाट बघायची नाही. ओढ्याची तब्येत कशी आहे, हे एरवीही कळू शकतं. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते एक पांढरी थाळी, चहाची जुनी गाळणी, एक मऊ ब्रश, एक भिंग आणि एक वही.

डोळे आणि नाक फसवतात

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पाणी स्वच्छ दिसलं की ओढा चांगला, घाण दिसलं की वाईट. थांबा. श्रावणात सह्याद्रीतला उत्तम ओढासुद्धा चहासारखा तांबडा वाहतो, कारण त्यात माती असते. उलट एखाद्या कारखान्याच्या खालचं पाणी काचेसारखं नितळ असू शकतं, कारण त्यात जगायला कुणी उरलेलंच नसतं.

फेसाचंही तसंच. धबधब्याखाली कुजक्या पानांमुळे जरासा पिवळट फेस जमतो, त्यात काही वाईट नाही. पण सपाट, संथ पाण्यावर पांढराशुभ्र फेस तरंगत असेल आणि त्याला साबणाचा वास येत असेल, तर वरच्या बाजूला कुणाच्या तरी मोऱ्या ओढ्यात उघडतात.

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तेलकट तवंग दिसला तर एक मजेदार चाचणी करा. त्याला काडीने डिवचा. तवंग काचेसारखा तुकडे-तुकडे होऊन फुटला आणि तसाच राहिला, तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा, नैसर्गिक तवंग. काडी काढल्यावर परत एकमेकांत मिसळला, तर ते खरंच तेल, म्हणजे एखाद्या गॅरेजची किंवा गाडी धुणाऱ्याची कृपा! दगडांवर करडा, ओल्या कापसासारखा बुरा लोंबत असेल तर मात्र शंका नको. तो सांडपाण्यावर पोसलेला असतो.

एवढं करूनही एक अडचण उरतेच. समजा, तुम्ही बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत दिलं. तिथं मिळालेलं उत्तर हे त्या एका क्षणाचं उत्तर. सकाळी नऊ वाजता पाणी भरलं आणि रात्री दोन वाजता कुणी टँकर रिकामा केला, तर बाटलीला ते कसं कळणार? बाटली म्हणजे फोटो. आपल्याला हवी आहे ती रोजनिशी. आणि ती लिहिणारी मंडळी ओढ्यातच राहतात, दगडांखाली!

दगडाखालचे साक्षीदार

वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचला आणि उलटा करा. आधी वाटेल, काहीच नाही. मग थोडा वेळ नजर स्थिर ठेवा. मघाशी डाग वाटला होता तो चालायला लागेल!

हे आहेत ओढ्यात वाढणारे किडे. यांतले पुष्कळ जण पंख फुटण्याआधीचं आपलं बालपण पाण्यात काढतात. कुणाचं काही आठवड्यांचं, तर कुणाचं वर्षभराचं. त्यांना पळून जाता येत नाही. मासा निदान पोहत दूर जाईल, हे कुठं जाणार? त्यामुळे गेल्या कित्येक आठवड्यांत ओढ्यात जे जे घडलं, ते सगळं यांनी सोसलेलं असतं. जो आज तिथं जिवंत सापडतो, तो साक्ष देतो. जो असायला हवा होता आणि नाही, तोही साक्ष देतो.

सगळ्यात नाजूक मंडळी दोन. एक मेफ्लाय आणि दुसरी स्टोनफ्लाय. (मराठीत या दोघींना रुळलेली नावं नाहीत. तुमच्या वहीत तुम्ही खुशाल नावं ठेवा!) मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे किंवा पानांसारखे कल्ले. ते सारखे हलत असतात, पंख्यासारखे. त्यांतली काही पिल्लं इतकी चपटी असतात की वाटतं, कुणी इस्त्री फिरवली आहे. जोराच्या प्रवाहात दगडाला चिकटून राहायला तो चपटेपणा कामी येतो. मोठी झालेली मेफ्लाय बिचारी काही खातसुद्धा नाही, तिचं तोंड कामाचं उरलेलंच नसतं. तासाभरापासून फार तर दोन-तीन दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं. स्टोनफ्लायच्या पिल्लाला शेपट्या दोनच, आणि प्रत्येक पायाला दोन-दोन नख्या. शेपट्या मोजल्या की ओळख पटली.

यांना हवा असतो भरपूर प्राणवायू. आणि पाण्यात तो असतो तरी किती? २५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा! एक लिटर हवेत याच्या तीसपटीहून जास्त प्राणवायू असतो. आपण हवेत राहणारे श्रीमंत, हे पाण्यातले गरीब. त्यात पाणी तापलं की हा साठा आणखी घटतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणून ओढ्याकाठचे उंबर, करंज, जांभूळ तोडले आणि पाण्यावर थेट ऊन पडायला लागलं, की एक थेंब सांडपाणी न घालताही ओढा आजारी पडू शकतो.

आता यात मोरीचं पाणी घाला. सांडपाण्यातलं अन्न खायला जिवाणूंच्या झुंडी येतात. खाताना तेही श्वास घेतातच की! बघता-बघता ते प्राणवायू संपवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे उघड्यावर आंघोळ करण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि मासे जगवायच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पात्र घाणीने भरलं की तो शून्याजवळही जातो. स्टोनफ्लाय सगळ्यांत आधी जाते. मग चपट्या मेफ्लाय.

आणि मागे कोण उरतं? ज्यांनी काही युक्ती शोधली आहे ते. गाळात डोकं खुपसून शेपटी हलवणारे लाल धाग्यांसारखे ट्युबिफेक्स किडे तुम्ही माशांच्या दुकानात पाहिले असतील. आणि डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या लाल अळ्याही असतात. दोघांचाही रंग लाल, कारण आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्यांच्याकडेही आहे! त्यामुळे ते थोडासा प्राणवायूही ओरबाडून घेतात. डासाच्या अळीने तर पाण्यातल्या प्राणवायूचा नादच सोडला आहे. ती शेपटीकडची नळी वर काढून सरळ हवेतच श्वास घेते. एका माशीची अळी उंदराच्या शेपटीसारखी लांबलचक नळी बाळगते, पाण्यात बुडून आणि नळी बाहेर ठेवून. पाणबुडीच म्हणा ना!

या दोन टोकांच्या मध्ये बाकीची मंडळी. चतुराचं पिल्लू गाळात दबा धरून बसतं, खालचा ओठ हातासारखा झटकन पुढे फेकून शिकार पकडतं आणि घाबरलं की मागून पाण्याची चिळकांडी सोडून रॉकेटसारखं पळतं. कॅडिस माशीच्या काही अळ्या वाळूचे कण रेशमी धाग्याने चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात, तर काही जणी दगडांच्या फटीत जाळं लावून वाहत येणारं अन्न गाळून खातात. याशिवाय टाचण्या, पाणकिडे, खेकडे, गोगलगायी, जळवा.

गुण कसे द्यायचे?

किड्यांवरून पाण्याची परीक्षा करण्याची कल्पना नवी नाही. कोल्कविट्झ आणि मारसोन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८ आणि १९०९ साली, किती घाण पाण्यात कोणती वनस्पती आणि कोणता प्राणी राहतो, याच्या याद्याच छापल्या होत्या. पुढे ब्रिटनमध्ये १९७६ साली एक गट नेमला गेला. त्याने किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिले. नाजूक कुळाला जास्त, चिवट कुळाला कमी. शाळेतल्यासारखेच गुण, फक्त इथं हुशारीला नाही, नाजूकपणाला!

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच कल्पना आपल्या नद्यांसाठी जुळवून घेतली आणि पाण्याचे 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग केले. नकाशावर त्यांना रंगही दिले. स्वच्छ पाण्याला निळा, मग फिकट निळा, हिरवा, नारिंगी, आणि अगदी वाईट पाण्याला लाल. दक्षिण आफ्रिकेत तर शाळकरी मुलांसाठी सोपी पद्धत आहे. तीत किड्यांचे फक्त तेरा गट ओळखायचे असतात.

आपण ब्रिटिश गुण घेऊन एक उदाहरण करू. समजा, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी, वस्तीच्या वर थाळी भरली. तीत स्टोनफ्लाय (१०), चपटी मेफ्लाय (१०), चतुराचं पिल्लू (८), जाळं लावणारी कॅडिस (५), पोहणारी छोटी मेफ्लाय (४) आणि ती लाल अळी (२) सापडली. बेरीज ३९. प्रकार सहा. सरासरी साडेसहा. मग वस्ती ओलांडून खालच्या पुलापाशी दुसरी थाळी भरली. तिथं जळू (३), गोगलगाय (३), लाल अळी (२), गाळातले लाल किडे (१). बेरीज ९. प्रकार चार. सरासरी सव्वादोन.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? लाल अळी दोन्ही थाळ्यांत आहे! म्हणजे ती दिसली की 'घाण पाणी' असा शिक्का मारायचा नाही. ती सगळीकडे राहू शकते. प्रश्न असा विचारायचा, की तिच्या शेजारी कोण आहे. भरल्या वाड्यात ती एक बिऱ्हाडकरू असते. वाडा रिकामा झाल्यावर ती एकटीच उरते, आणि खायला भरपूर असल्याने तिची संख्या मात्र शेकड्यांनी वाढते. म्हणून किडे किती, यापेक्षा किड्यांचे प्रकार किती आणि कोणते, याला महत्त्व.

आणि वरच्या-खालच्या दोन थाळ्या तर हव्यातच. एकट्या थाळीवरून ओढा आजारी आहे, एवढंच कळेल. दोन थाळ्यांवरून आजार कुठे सुरू झाला, ते कळतं. मधे आणखी दोन जागा तपासल्या तर गुण नेमके कुठल्या वळणावर घसरले, ते सापडतं. तिथं काठावर नीट बघा. एखादा पाइप दिसेल, नाहीतर गोठ्याचं पाणी, नाहीतर कचऱ्याचा ढीग. उलटही घडतं. घाण मिसळणं थांबलं आणि पुढे पाणी दगडांवरून खळाळत, हवा घेत गेलं, तर काही अंतरावर गुण पुन्हा वाढू लागतात. ओढा स्वतःचं औषध स्वतः घेतो, आपण वेळ आणि जागा दिली तर.

चला, कामाला लागू

आई-बाबा, हा भाग तुम्हीही वाचा, कारण मुलांनी ओढ्यावर एकट्याने जायचं नाही. सोबत मोठं माणूस हवंच. पाणी गुडघ्याच्या खाली असेल तिथंच उतरायचं. वरच्या बाजूला ढग दाटले असतील किंवा पाणी अचानक गढूळ झालं, तर थाळी-बिळी टाकून लगेच काठावर. पायात गमबूट किंवा जुने बूट हवेत, कारण तळाला फुटक्या बाटल्या असतात. हाता-पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, शहरातल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचं भय असतं. घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावायचा नाही. आणि जिथं उग्र वास येतो किंवा कारखान्याचं पाणी सुटतं, तिथं उतरायचंच नाही. तिथली नोंद काठावरूनच करायची.

वेळ निवडा नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात पुराने दगड घासून निघतात आणि किडे वाहून जातात. एप्रिल-मे महिन्यांत आपले बरेचसे ओढे आटतात. तेव्हा थाळी रिकामी निघाली, तर तो दोष प्रदूषणाचा नाही, उन्हाळ्याचा.

आता पद्धत. जिथं पाणी दगडांवरून खळखळतं अशी जागा शोधा. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधा. एकाने तो प्रवाहात आडवा, तळाला टेकवून धरायचा. दुसऱ्याने त्याच्या वरच्या बाजूला उभं राहून दोन मिनिटं पायाने दगड हलवायचे. सुटलेले किडे वाहत जाऊन जाळीत अडकतील. मग दहा मोठे दगड उचलून ब्रशने हळूच घासा. सगळा ऐवज पांढऱ्या थाळीत थोड्या पाण्यात घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. घाई केलीत तर अर्धे किडे दिसणारच नाहीत. प्रत्येक जागी तेवढीच मिनिटं, तेवढेच दगड, नाहीतर तुलना खोटी ठरेल.

वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सावली आहे की नाही, हे लिहा. पाण्याचा वेगही मोजा. काठाने दहा मीटर अंतर आखा, वाळकं पान सोडा आणि ते किती सेकंदांत पार होतं ते बघा. नावं येत नसतील तर चित्र काढा. शेपट्या किती, कल्ले कुठे, पाय किती, एवढं चित्रात आलं तरी शाळेतले विज्ञानाचे सर किंवा बाई पुढचं सांगतील. जवळ महाविद्यालय असेल तर तिथल्या प्रयोगशाळेत पाण्यातला प्राणवायू मोजून मिळतो का, तेही विचारा. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली काढलेली पद्धत आजही तिथं वापरतात. त्यांचा आकडा आणि तुमच्या किड्यांची साक्ष जुळते का ते बघण्यात खरी मजा आहे.

पालकांनो, मुलांची ही वही कपाटात ठेवून देऊ नका. तीन वर्षं, त्याच महिन्यात, त्याच चार जागांवर भरलेली वही म्हणजे पुरावा असतो. 'नाला घाण झालाय' अशी तक्रार सगळेच करतात. 'पुलाच्या वर सहा प्रकारचे जीव आहेत आणि खाली चार, आणि मधे उजव्या काठावर हा पाइप आहे' असं ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला सांगणारे मात्र थोडे असतात.

काम झालं की थाळीतली मंडळी जिथून घेतली तिथंच सोडायची. वरून ओतायची नाहीत. थाळी तिरकी करून पाण्यात बुडवायची, म्हणजे ती आपापली बाहेर पडतात. दगडही मुळात होता त्याच बाजूने, त्याच खड्ड्यात परत ठेवा. स्टोनफ्लायची पिल्लं बाहेर पडायला फार वेळ लावतात, तेवढं थांबावं लागेल.